पिळाच्या बाहीचं जॅकेट : कामाच्या नोंदी

२ जून

आज सुरुवात केली. सुती कॅनव्हासचं जॅकेट करायचं आहे. त्याच्या बाहीची शिवण काखेतून सरळ मनगटाला न येता हाताभोवती पिळासारखी फिरत खाली उतरेल. शिवून झालं की अख्खं जॅकेट रंगात बुडवायचं.

अशी बाही मी तीन वर्षांपूर्वी एका फोटोत पाहिली. दोन-तीन माणसं मिळून वर्षाला मोजकेच कपडे करतात, अशा एका लहान फॅशन लेबलची. लेबलचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या कपड्याचा साचा इथून कुणी उचलावा असं मला वाटत नाही. पण ती बाही तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही आणि सुरुवात तिथूनच होते आहे, हे आधी सांगून टाकते.

वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले नऊ फोटो छापून भिंतीवर लावले. साध्या दोन तुकड्यांच्या बाहीच्या साच्यावर डोळ्यांनी अंदाज घेत शिवण फिरवली.

५ जून

अर्ध्या मापात मांजरपाटाची बाही शिवली. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने लहान लाकडी पुतळीवर कापड लावून कपडा ठरवायच्या आणि मग पूर्ण मापात न्यायच्या. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपं धरलेल्या, कापडाची पडण त्यांच्याइतकी कुणी ओळखली नसेल, म्हणून तीच वाट धरली. कापड वाचलं आणि लहान बाही सुरेख दिसली. त्यामुळे फसले. लहान बाहीत हात नसतो.

९ जून

पूर्ण मापाची पहिली चाचणी. तीन मीटर मांजरपाट आणि अकरा तास गेले.

आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं तर फोटोसारखंच दिसतं. हात खांद्यापर्यंत उचलला की जॅकेटची अख्खी बाजू वर चढते आणि कॉलर कानाला लागते. कोपर वाकवलं की शिवण आतल्या बाजूला दोरीसारखी गोळा होते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, दीड सेंटीमीटर वर घेतला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

१० जून

काखेत चौकोनी तुकडा टाकला. हात उचलता येतो, पण पीळ मेला. शिवण त्या तुकड्याशी येऊन थांबते आणि खालून पुन्हा सुरू होते. उसवलं.

१४ जून

एका मैत्रिणीकडे ते मूळ जॅकेट आहे, जुनं, दुसऱ्या हातातून आलेलं. दोन दिवसांसाठी मागून आणलं.

फोटोंनी मला काय सांगितलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं. बाही टेबलावर सपाट बसतच नाही. कोपरापाशी ती वाकलेलीच राहते, कारण ती वाकलेल्या हातासाठीच कापली आहे. परत फोटो पाहिले, तर नऊपैकी आठ फोटोंत मॉडेलचे हात खिशात! मी सरळ हात धरून रेघ मारत होते. दुसरं म्हणजे, मला एकच वाटलेली शिवण दोन आहेत. मनगटापाशी उभा धागा हाताला समांतर आहे. तेच कापड न तुटता फिरत वर जातं आणि दंडापाशी पूर्ण उरेब होतं. त्या उरेब भागामुळे हात उचलता येतो. म्हणून त्यांना काखेत तुकडा लावावा लागत नाही.

आतून पाहिलं तर कोपराच्या मागे माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, मुद्दाम तीन सेंटीमीटर सोडली आहे, बाकी सगळीकडे एक. बाही ताणली जाते तिथे मायेचं दुहेरी कापड आधार देतं. हे बाहेरून दिसतही नाही.

यानंतर मी जे केलं ते लिहिणं भाग आहे. जॅकेटखाली कागद ठेवला, शिवणीवरून टाचण्या टोचत गेले आणि बाहीचा साचा उतरवून घेतला. मैत्रिणीला विचारलं नाही.

२० जून

उतरवलेल्या साच्यावरून मांजरपाटाची बाही केली. उजवी बाही हुबेहूब आली. एक संध्याकाळ मी ती घालून वावरले आणि मला फार आनंद झाला. तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. चांगलं कापलेलं कापड अंगावर आलं की हाताला कळतं.

डावी बाही मात्र चावते. लहानपणी माझं डावं कोपर मोडलं होतं. ते आजही पूर्ण सरळ होत नाही आणि किंचित बाहेर वळतं. त्यांच्या बाहीची मोड माझ्या कोपराच्या चार सेंटीमीटर खाली येते आणि तिथे चिमटा बसतो.

२३ जून

तीन संध्याकाळी डावी बाही दुरुस्त करण्यात गेल्या. मोड वर घेतली तर मनगट फिरतं. मनगट आणलं तर दंडावर पिशवी होते. दंड आवळला तर उरेब भाग ताणून संपतो आणि हात पुन्हा अडकतो.

आयुष्यभर कटिंग केलेले एक मास्तर आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी बाही उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘‘ताई, ही शिवण नेमकी इथूनच का वळते?’’

मी म्हटलं, ‘‘मूळ कपड्यात इथूनच वळते.’’

‘‘ते झालं हो. पण का वळते?’’

मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, ‘‘मग ती कुठे सरकवायची ते तुम्हाला कसं कळणार?’’

त्या तीन संध्याकाळी मी नेमकं हेच करत होते. ज्याचं कारण माहीत नाही अशी रेघ इकडे-तिकडे ढकलत होते. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन : साचा उतरवून घेतला तर एक बाही मिळते. ती बिघडली की दुरुस्त करण्याची अक्कल त्या कागदात नसते. उतरवलेला कागद घडी घालून पाकिटात ठेवला.

२५ जून

नव्याने सुरुवात, थेट हातावरून. याला मदतीला दुसरं माणूस लागतंच.

हातावर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे बोटभर लांबीचे तुकडे आडवे-तिरपे लावायचे. लांब पट्टी गोल गुंडाळू नका. मी पहिल्यांदा तसं केलं आणि दहा मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या. फाडून पुन्हा लावलं. दोन थर झाले की कवच कागदासारखं कडक होतं.

मग हात हलवायचा. वरच्या फळीवरचं काही काढल्यासारखा, दुसऱ्या खांद्याला लावल्यासारखा, मशीनवर कापड सरकवल्यासारखा. प्रत्येक हालचालीला कवचावर सुरकुत्या पडतात, त्यांवर पेनाने खुणा करायच्या. सुरकुती पडते तिथे कापड जास्त होतं, चिकटपट्टी फाटते तिथे कमी पडतं. आम्ही अर्धा तास खुणा केल्या आणि मग त्या एकमेकींना जोडत गेलो.

उजव्या हातावर रेघ काखेच्या मागून निघाली, कोपराच्या वरून फिरली आणि अंगठ्याच्या बाजूला उतरली, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण फेरा. डाव्या हातावर तीच रेघ कोपराला वळसा घालून पाऊण फेऱ्यातच थांबली आणि पुढे मनगटापर्यंत जवळपास सरळ गेली. दोन्ही कवचं शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले. माझे हात इतके वेगळे आहेत हे इतक्या वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं.

बोथट टोकाच्या कात्रीने कवच रेघेवरून कापलं. ते सपाट होत नाही, त्याला चिरा द्याव्या लागतात. चीर उघडली तर तिथे कापड वाढवायचं, एकावर एक आली तर तिथे टक घ्यायचा किंवा ते जास्तीचं शिवणीत मुरवायचं.

२ जुलै

नवी चाचणी वाया. कवच कातडीला चिकटून असतं, त्यात ढिलाई नसते. मी दंडाला दोन सेंटीमीटर वाढवले होते, कॅनव्हासला ते काहीच नाहीत. शेवटी दंडाला पाच, कोपराला सहा आणि मनगटाला तीन सेंटीमीटर जमले. त्यात आणखी दोन मीटर मांजरपाट आणि दोन दिवस गेले.

पण आता कोणी विचारलं तर शिवण इथूनच का वळते ते मला सांगता येतं.

६ जुलै

चाचणी पाहून कामातल्या एका धाकट्या मैत्रिणीने विचारलं, ‘‘ताई, शेवटी ही पण पिळाचीच बाही. मग ही नक्कल नाही का?’’ ती खोचकपणे विचारत नव्हती, म्हणून मीही नीट विचार केला.

पिळाची शिवण त्या लेबलनेही शोधलेली नाही, कापड अंगाभोवती फिरवण्याचं काम खूप जुनं आहे. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांच्या १९८९च्या पहिल्या संग्रहातले दुभंगलेल्या टोकाचे बूट सगळ्यांना त्यांचे म्हणून माहीत आहेत. पण तो आकार जपानी ताबीचा, म्हणजे अंगठा वेगळा असलेल्या मोज्याचा, तिथे शतकानुशतकं पायात असलेला. मार्जिएला यांनी त्याला जाड गोल टाच दिली आणि तळव्यांना लाल रंग लावून मॉडेलना पांढऱ्या कापडावरून चालवलं. पुढच्या हंगामात त्या ठशांच्या कापडाचा वेस्टकोट केला. आकार उसना होता, पण त्यातून पुढे जे निघालं ते दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं नव्हतं. जुन्या कामातून पुढे काय निघालं, त्यावरच मी माझी बाही तपासायची ठरवलं.

जुन्या हाताखाली शिकण्यातही काही गैर नाही. जपानी डिझायनर जुनिया वातानाबे यांनी १९८४ साली रेई कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ या फॅशन घरात पॅटर्न कापण्यापासून सुरुवात केली आणि १९९२ साली त्याच घरात स्वतःच्या नावाचं काम उभं केलं. मार्जिएला फ्रेंच डिझायनर जाँ-पॉल गोतिए यांचे मदतनीस होते. शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे कपडे शेजारी ठेवले तर कुणाची गल्लत होणार नाही.

तिला मी म्हटलं, ‘‘२० जूनची बाही नक्कल होती. ही नाही. दोन्ही घालून बघ.’’ तिने घातल्या. दोन्ही तिला बसल्या नाहीत, पण का बसत नाहीत ते मला फक्त दुसरीबद्दल सांगता आलं.

११ जुलै

आज एक चूक सापडली आणि ती बाहीत नाही.

जॅकेट फार साधं दिसतंय असं वाटून मी गेल्या आठवड्यात कॉलरच्या कडा सँडपेपरने घासल्या होत्या, डाव्या खांद्यावर कापसाचा उंचवटा शिवला होता आणि पाठीवर दोन भोकं पाडली होती. आज सकाळच्या उजेडात पाहिलं तर हे सगळं कुठून आलं ते स्पष्ट दिसलं. उंचवटा कावाकुबो यांच्या १९९७च्या संग्रहातला, अंगाचा आकारच बदलून टाकणाऱ्या गाठोड्यांचा. भोकंही त्यांचीच, १९८२च्या काळ्या स्वेटरमधली.

पण त्या स्वेटरची भोकं कात्रीने पाडलेली नव्हती. विणाईच्या मशीनचे काही स्क्रू ढिले केले होते, त्यामुळे मशीन मध्येच टाके सोडत होतं. भोक कुठे पडेल ते मशीनच्या हातात होतं, आणि ते विणताना घडलं होतं. मी घडून गेलेल्या कापडाला वरून जखम केली. भोकासारखं भोक दिसलं, पण त्यामागे माझं काहीच काम नव्हतं.

उंचवटा काढला. कॉलर पुन्हा कापली. पाठ नवी घेतली. चार तास.

१८ जुलै

खऱ्या कॅनव्हासवर कटिंग आणि शिलाई झाली. साडेतीन मीटर कापड, सव्वीस तास, तीन सुया. नव्वद नंबरची सुई कोपराच्या चार थरांवर टिकत नाही, ११०ची घ्या. उरेब कडा कापल्या कापल्या शिवू नका, रात्रभर टांगून ठेवा. माझी एक कड सव्वा सेंटीमीटर लोंबली होती. टांगलं नसतं तर ती शिवल्यावर लोंबली असती.

कोपरामागे रुंद माया मीही ठेवली आहे. ही गोष्ट मी त्या जॅकेटमधून शिकले आणि तिचं कारण कळल्यावरच वापरली.

२४ जुलै

रंगाचा दिवस. सगळं बिघडलं.

जॅकेट बाहेर काढलं तेव्हा कापड गर्द कोळशासारखं झालं होतं आणि प्रत्येक टीप पांढरी शुभ्र. शिवायला पॉलिस्टरचा दोरा वापरला होता. सुतावर बसणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग पॉलिस्टरला लागत नाही. त्याला वेगळा रंग आणि उकळीच्याही वरचं तापमान लागतं. हे मला माहीत होतं. रीळ मशीनवर आधीपासून लावलेलं होतं आणि मी ते बदललं नाही.

दुसरं जास्त महाग पडलं. मी कापड कापण्याआधी धुतलं नव्हतं. आता त्याच ताग्यातला ५० सेंटीमीटरचा चौकोन धुऊन मोजला : उभ्या धाग्यात साडेतीन सेंटीमीटर आटला, आडव्यात दीड, म्हणजे सात टक्के आणि तीन टक्के. साध्या बाहीत हे फक्त आखूडपणा म्हणून दिसलं असतं. माझ्या बाहीत धागा वरपासून खालपर्यंत दिशा बदलत जातो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आटणं वेगळं झालं आणि बाही आणखी पिळली. डावं मनगट चार सेंटीमीटर फिरून अंगठ्यावर आलं.

जपानी डिझायनर इस्से मियाके यांच्या चुण्यांच्या कपड्यांचा क्रम मला आधी आठवायला हवा होता. तिथे कपडा अडीच ते तीन पट मोठा कापून शिवतात आणि मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णतेने चुण्या पाडतात. शेवटच्या पायरीत किती आकसणार ते पहिल्या पायरीत मोजलेलं असतं. मी शेवटची पायरी मोजलीच नव्हती.

२६ जुलै

धाकटी मैत्रीण म्हणाली, ‘‘ताई, पांढरे टाके असेच ठेव ना, किती छान दिसतायत.’’ दिसतात खरे. दोन दिवस मीही त्याच विचारात होते. पण बाहेरून दिसणारे पांढरे टाके म्हटलं की हे कपडे ओळखणाऱ्याला आधी मार्जिएला आठवतात. त्यांचं कोरं लेबल चार पांढऱ्या टाक्यांनी शिवलेलं असतं आणि अस्तर नसलेल्या कपड्याच्या पाठीवर ते चार टाके दिसतात. तिथे त्या टाक्यांना अर्थ आहे : नाव लिहायचं नाही, तरी खूण राहते. माझे पांढरे टाके रीळ न बदलल्यामुळे आले. ते ठेवून मी त्यांना हेतू चिकटवला असता, तर ११ जुलैच्या भोकांचीच गोष्ट पुन्हा झाली असती.

शिवाय मनगट फिरलेलंच होतं. जॅकेट बाजूला ठेवलं. सगळं पुन्हा शिवायचं.

२७ जुलै ते ५ ऑगस्ट

नवं कापड गरम पाण्यात दोनदा धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. पुन्हा मोजलं, एक टक्क्याच्या आत. मगच कापलं. दोरा सुती. तो कमजोर असतो, म्हणून कोपर आणि मुंढा यांवर दोन टिपा. या वेळी एकोणीस तास लागले.

८ ऑगस्ट

दुसऱ्यांदा रंग. ज्यांना प्रमाण हवं असेल त्यांच्यासाठी : कोरडं जॅकेट ९०० ग्रॅम, पाणी १८ लिटर, ४० अंश. मीठ लिटरला ६० ग्रॅम, दोन भागांत. रंग आणि मीठ घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं सतत हलवलं, मग धुण्याचा सोडा लिटरला १५ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून आणि कपड्यावर थेट न ओतता. त्यानंतर एक तास. हलवणं थांबलं की घडीत डाग पडतो, माझा एक उजव्या खिशाजवळ पडला आहे. शेवटी पाणी नितळ येईपर्यंत धुणं, त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. हातमोजे घाला.

मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिकची प्रक्रिया केलेल्या, सुती दोऱ्याने रंग कापडापेक्षा जास्त ओढला. टिपा आता कापडाहून एक छटा गडद दिसतात, डोळे जवळ नेल्यावरच कळतील इतक्या. हे मी ठरवलं नव्हतं, पण पिळाची रेघ त्यामुळे वाचता येते. डावं मनगट अजून जवळजवळ एक सेंटीमीटर फिरलेलं आहे. ते तसंच ठेवते.

डाव्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढून पाहिला. कॉलर जागेवरच राहिली.

१२ ऑगस्ट

लेबल शिवायचं होतं. व्हिओने यांनी नकलांना कंटाळून प्रत्येक कपडा समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढून नोंदवला आणि लेबलवर सहीसोबत अंगठ्याचा ठसा दिला. मार्जिएला यांनी १९९४ पासून जुने सापडलेले कपडे जसेच्या तसे पुन्हा करून त्यांना ‘रेप्लिका’ म्हटलं आणि हा कपडा मूळ कुठला, कोणत्या काळातला ते लेबलवरच छापलं. एकीने माझं काम माझं आहे हे लिहिलं, दुसऱ्याने हे माझं नाही हे लिहिलं. मला दोन्ही लिहायचं होतं.

सुती फितीवर शाईने लिहिलं : ‘पिळाची कल्पना एका दुसऱ्या जॅकेटवरून. कोपरामागची माया त्यातूनच शिकले. साचा माझ्या दोन्ही हातांवरून.’ कॉलरच्या आत चारही बाजूंनी तुरपाई केली, दोरा कापडाच्याच रंगाचा.

१३ ऑगस्ट

जॅकेट आणि ते पाकीट घेऊन मैत्रिणीकडे गेले. साचा न विचारता उतरवला हे सांगितलं आणि कागद तिच्यासमोर ठेवला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘विचारलं असतंस तर कदाचित नाही म्हटलं असतं.’’ तिने पाकीट कपाटात ठेवलं.

नंतर तिने माझं जॅकेट घातलं. उजवी बाही तिला चालली. डाव्या बाहीत तिचं सरळ कोपर मावेना, मनगट मागे फिरलं. तिने दोन-तीनदा हात झटकून पाहिला, बाहीतून काढला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘माझ्या हातावर लाव ना चिकटपट्टी.’’

रविवारी लावायची आहे. कागदी चिकटपट्टीचे दोन रोल लागतील, आणि खुणा करायला कुणीतरी तिसरं.